नावापुढची अक्षरं आणि लंडन गॅझेट: सेवा फुकट, किल्ली मात्र आपली आपण आणायची

जुन्या मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर, ट्रस्टच्या संगमरवरी पाटीवर, शाळेतल्या देणगीदारांच्या फलकावर नावापुढे सी.आय.ई., के.सी.एस.आय., ओ.बी.ई., जे.पी. अशी अक्षरं दिसतात. ती खरी की कुणीतरी हौसेने लावलेली, कोणत्या साली मिळाली, त्यातली किताबाची कुठली, परीक्षेची कुठली आणि नुसत्या नेमणुकीची कुठली, हे तपासायचं असेल तर ब्रिटिश राजपत्र म्हणजे लंडन गॅझेट गाठावं लागतं. ते सगळं आता 'द गॅझेट' या संकेतस्थळावर आहे. शोध फुकट, पान उघडणं फुकट, पीडीएफ उतरवून घेणं फुकट, खातंही उघडायला लागत नाही.

गुण आधीच देऊन टाकतो. दाखला म्हणून पाचपैकी पाच. शोधयंत्र म्हणून तीन. आणि सापडलेल्या नोंदीचा अर्थ वाचकाला समजावून देण्यात जेमतेम एक. हा शेवटचा एक गुणच बहुतेकांना नडतो. नाव सापडतं, पान उघडतं आणि तरीही माणूस चुकीची अक्षरं उतरवून घेतो. ती चूक कुठे होते ते बघू.

थोडं या राजपत्राबद्दल. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता, दरबार ऑक्सफर्डला हलला होता, म्हणून पहिले अंक 'ऑक्सफर्ड गॅझेट' या नावाने निघाले. पुढच्या वर्षी दरबार परतला आणि नाव लंडनचं झालं. आज लंडन, एडिंबरा आणि बेलफास्ट अशा तीन आवृत्त्या निघतात. शोधताना लंडन सोडून बाकीच्या दोन्हींवरची खूण काढून टाका. सन्मानांच्या मोठ्या याद्या लंडन आवृत्तीच्या पुरवणीत येतात. तीच घोषणा दुसऱ्या आवृत्तीतही आली असली तर एकाच माणसाला दोनदा सन्मान मिळाला असा घोळ होतो.

अक्षरं शोधू नका, वाक्य शोधा

शोधाच्या चौकटीत 'सी.आय.ई.' (म्हणजे कंपॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर) टाकून शेकडो पानं चाळणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. निदान पहिल्या महायुद्धाआधीच्या हिंदुस्थानविषयक याद्यांमध्ये मिळालेला सन्मान अक्षरांत नसतो, वाक्यात असतो. 'इंडिया ऑफिस' असं शीर्षक, तारीख, मग राजाने अमुक ऑर्डरमध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या अमुक मंडळात, पुढील नेमणुका केल्या असं एक लांबलचक वाक्य, त्याखाली 'टु बी कंपॅनियन्स' एवढंच, आणि मग नावं. सी, आय आणि ई ही तीन अक्षरं जुळवायचं काम वाचकाचं.

आता त्याहून मोठी मेख. त्याच यादीत काही नावांपुढे अक्षरं छापलेली दिसतातच. ती त्या माणसाकडे *आधीपासून* असलेली असतात, त्या दिवशी मिळालेली नव्हे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं उदाहरण घ्या. ते १८८९ मध्ये सी.आय.ई. झाले आणि १९११ मध्ये के.सी.आय.ई., म्हणजे त्याच ऑर्डरच्या वरच्या पायरीवर. अशा बढतीच्या नोंदीत नावाला चिकटलेली अक्षरं जुन्या पायरीची असतात आणि नवी पायरी वरच्या मथळ्यात असते. नुसती नावाची ओळ कापून ठेवली तर १९११ मध्ये सी.आय.ई. मिळाला असा उलटा निष्कर्ष निघतो. वरचा मथळा हाच निकाल, नावापुढची अक्षरं हा पूर्वेतिहास. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं.

मथळा वाचायला आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक ऑर्डरचं आपलं एक ठरलेलं विशेषण असतं आणि छापताना ते सहसा गाळत नाहीत. 'मोस्ट एक्झॉल्टेड' आलं की स्टार ऑफ इंडिया, म्हणजे शेवटी एस.आय. 'मोस्ट एमिनंट' आलं की इंडियन एम्पायर, म्हणजे आय.ई. 'मोस्ट एक्सलंट' म्हणजे ब्रिटिश एम्पायर, बी.ई. 'मोस्ट ऑनरेबल' म्हणजे बाथ, नुसता बी. 'मोस्ट डिस्टिंग्विश्ड' म्हणजे सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज, एम.जी., आणि हा बहुतेक परराष्ट्र खात्यातल्या आणि वसाहतींच्या कारभारातल्या मंडळींना. व्हिक्टोरियन ऑर्डर राजाच्या खाजगीतली, तिला व्ही.ओ. स्कॅन पुसट असलं, 'इंडियन' की 'ब्रिटिश' हे नीट लागत नसलं, तरी विशेषण लागलं की ऑर्डर लागली.

ऑर्डर कळली की पायरी जोडायची. स्टार ऑफ इंडिया आणि इंडियन एम्पायर या दोन्हींना तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर नाइट ग्रँड कमांडर, अक्षरं जी.सी. मधे नाइट कमांडर, के.सी. खाली कंपॅनियन, नुसता सी. बाथसारख्या विलायती ऑर्डरमध्ये जी.सी. म्हणजे 'ग्रँड क्रॉस', पण हिंदुस्थानासाठी काढलेल्या ऑर्डरमध्ये 'क्रॉस' हा शब्द मुद्दाम टाळला, कारण घेणाऱ्यांतले पुष्कळ जण ख्रिस्ती नव्हते. अक्षरं तीच, अर्थ वेगळा. ब्रिटिश एम्पायर ही ऑर्डर १९१७ ची, तिला पाच पायऱ्या: जी.बी.ई., के.बी.ई. आणि स्त्रियांसाठी डी.बी.ई., मग सी.बी.ई., ओ.बी.ई., एम.बी.ई. तिच्याशी जोडलेलं पदक म्हणजे बी.ई.एम. वरच्या दोन पायऱ्यांनाच 'सर' किंवा 'डेम'. सी.बी.ई. पासून खाली कितीही अक्षरं असली तरी 'सर' नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना कुणी 'सर गोखले' म्हणत नाही, याचं कारण इथेच आहे. १९०४ मध्ये त्यांना मिळाला तो सी.आय.ई., म्हणजे कंपॅनियन. पुढे के.सी.आय.ई. देऊ केला तो त्यांनी नाकारला. नाकारलेला सन्मान गॅझेटमध्ये छापून येत नाही, त्यामुळे तो तिथे शोधण्यात वेळ घालवू नये.

शोधाचं तंत्र

जुनी पानं स्कॅन केलेली आहेत आणि त्यांवरची अक्षरं मशीनने वाचलेली आहेत. बारीक टाइप, दोन रकाने, ओळीच्या शेवटी तुटलेली नावं, यामुळे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं की हमखास 'काही सापडलं नाही' येतं. आडनाव एकटं टाका, सोबत एखादा ठिकाणाचा किंवा हुद्द्याचा शब्द. ठिकाण त्या काळच्या स्पेलिंगचं: 'पुणे' नव्हे तर डबल ओ वालं 'पूना', 'बॉम्बे', 'अहमदनगर' लागत नसेल तर एक एच कमी करून पाहा. 'मराठा' पलटणी शोधायच्या तर आजचं स्पेलिंग पूर्ण निरुपयोगी आहे. एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं, एच मधे घालून आणि टी दोनदा, तेव्हा 'फिफ्थ महरट्टा लाइट इन्फंट्री' समोर येते.

याच पलटणीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस (व्ही.सी., शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान) दुसऱ्या महायुद्धातले. नाईक यशवंत घाडगे, जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मरणोत्तर. आणि शिपाई नामदेव जाधव, एप्रिल १९४५, सेनिओ नदीकाठी. घाडगे शोधताना डी आणि जी यांच्यापुढे एच आहे-नाही असे सगळे प्रकार टाकून पाहा. जाधवांसाठी शेवटी व्ही आणि ओ दोन्ही. व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीला बाकी याद्यांसारखं एका ओळीत उरकत नाहीत. कुठे, कोणत्या दिवशी, माणसाने नेमकं काय केलं हे परिच्छेदभर छापलेलं असतं, आणि या संकेतस्थळावर वाचण्यासारखं जे काही आहे त्यात या नोंदी सर्वांत वरच्या. व्ही.सी. ही अक्षरं इतर कुठल्याही ऑर्डरच्या आधी येतात, जी.सी.बी.च्याही आधी. शिपायाचं व्ही.सी. फील्ड मार्शलच्या ग्रँड क्रॉसच्या पुढे.

तारखेची चाळणी लावताना नेमकी तारीख टाकू नका. पुरवणीच्या माथ्यावर दोन तारखा असतात: ज्या अंकाची ती पुरवणी त्याची एक आणि प्रत्यक्ष प्रसिद्धीची दुसरी. १ जानेवारीची नववर्ष यादी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या अंकाची पुरवणी म्हणून निघालेली असू शकते. २० डिसेंबर ते १५ जानेवारी अशी ऐसपैस मुदत द्या. वाढदिवसाच्या यादीला राजागणिक हंगाम बदलतो. व्हिक्टोरिया राणी मे महिन्यातली. सातवा एडवर्ड नोव्हेंबरचा, पण त्याच्या काही याद्या जूनमध्येही निघाल्या. पाचवा जॉर्ज जूनचा. सहावा जॉर्ज डिसेंबरात जन्मला तरी यादी जूनमध्येच, आणि आजचे तिसरे चार्ल्सही नोव्हेंबरचे असून यादी जूनमध्ये निघते, कारण 'अधिकृत वाढदिवस' वेगळा धरतात. शिवाय १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबारांच्या याद्या. १९११ चं काही सापडत नसेल तर जूनमध्ये अडकून न राहता डिसेंबर पाहा.

आणि पान उघडल्यावर लगेच उतरवून घेऊ नका. शोधयंत्र तुम्हाला थेट नावाच्या पानावर सोडतं. मथळा दोन-चार पानं मागे असतो. जुन्या यादीत 'टु बी कंपॅनियन्स' एकदा छापलं की पुढची नावं पानोपानी त्याच एका ओळीच्या जोरावर चालतात. मागे जात राहा, मथळा दिसेपर्यंत. 'सिव्हिल डिव्हिजन' आहे की 'मिलिटरी' हेही तिथेच कळतं. 'ऑर्डिनरी', 'अ‍ॅडिशनल' आणि 'ऑनररी' हे शब्दही तिथेच असतात. 'अ‍ॅडिशनल' म्हणजे ठरलेल्या संख्येबाहेरचा, दर्जा तोच. 'ऑनररी' म्हणजे मात्र वेगळंच प्रकरण, त्यावर पुढे येतो.

'सर' एक, रस्ते तीन

मराठीत 'भांडारकर सर' म्हटलं की वर्गात शिकवणारे, 'सर भांडारकर' म्हटलं की किताबवाले, असा आपला सोयीचा भेद आहे. विलायती नियमाने दोन्ही चूक. 'सर' हा पहिल्या नावाला लागतो: सर रामकृष्ण, किंवा पूर्ण सर रामकृष्ण भांडारकर. आडनावाला एकट्याला तो कधीच लागत नाही.

'सर' मिळण्याचे तीन रस्ते गॅझेटमध्ये तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. पहिला ऑर्डरच्या वरच्या पायऱ्यांवरून, भांडारकरांसारखा. दुसरा 'नाइट बॅचलर', जो कुठल्याच ऑर्डरमध्ये नसतो आणि ज्याला रोजच्या वापरात नावापुढे अक्षरंही नसतात. या यादीत वाक्य असं असतं की राजाने पुढील मंडळींना नाइटहूड *देण्याचा मनोदय* व्यक्त केला आहे. म्हणजे ही घोषणा झाली. प्रत्यक्ष खांद्यावर तलवार टेकवल्याची किंवा सनदेने नाइटहूड दिल्याची वेगळी नोटीस पुढे येऊ शकते. एकाच माणसाच्या दोन नोटिसा दिसल्या तर गोंधळू नका.

या दुसऱ्या रस्त्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे चिंतामणराव देशमुख. १९३७ मध्ये सी.आय.ई., १९४४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना नाइट बॅचलर. तेव्हाचं बरोबर रूप: सर चिंतामण देशमुख, सी.आय.ई. आता भांडारकरांशी ताडून पाहा: सर रामकृष्ण भांडारकर, के.सी.आय.ई. दोघेही सर, दोघेही आधी सी.आय.ई. पण एकाचा सी.आय.ई. टिकला, दुसऱ्याचा गेला. कारण एकाच ऑर्डरमध्ये वर चढलं की खालची पायरी गिळली जाते. देशमुखांचं नाइटहूड ऑर्डरबाहेरचं, त्यामुळे त्यांच्या सी.आय.ई.ला हात लागला नाही. 'के.सी.आय.ई., सी.आय.ई.' अशी दोन्ही अक्षरं एकापुढे एक कोरलेली पाटी दिसली तर ती कोरणाऱ्याची चूक समजावी. नारायण गणेश चंदावरकर १९१० मध्ये नाइट झाले तेव्हा मात्र त्या नाइटहूडची म्हणून कुठलीही अक्षरं आली नाहीत.

तिसरा रस्ता बॅरोनेटचा, वंशपरंपरागत. अक्षर बी.टी., जुन्या छापात 'बार्ट'. मुंबईकराच्या तोंडी दिवसातून दहादा येणारं 'सर जे.जे.' हे प्रकरण असंच. जमशेटजी जीजीभाईंना १८४२ मध्ये नाइटहूड आणि १८५७ मध्ये बॅरोनेटपद मिळालं. नाइटहूड माणसाबरोबर संपतं, बॅरोनेटपद थोरल्या मुलाकडे जातं. वर या घराण्यासाठी खास कायदा झाला: जो वारस होईल त्याने आपलं नाव सोडून 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव धारण करायचं. त्यामुळे गॅझेटमध्ये हे नाव टाकलं की पिढ्यान्‌पिढ्यांचे सगळे एकाच नावाने ओळीत उभे राहतात. साल पाहिल्याशिवाय कुठले जमशेटजी हे कळायला दुसरा मार्ग नाही.

बायकोला 'लेडी', पण ती आडनावाला. लेडी ठाकरसी हे बरोबर. सर विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंना 'लेडी प्रेमलीला' लिहिलं तर इंग्रजी रिवाजात त्याचा अर्थ एखाद्या अर्लची मुलगी असा होतो. माहीमच्या एल.जे. रोडमधला 'एल' हाच. लेडी जमशेटजी, म्हणजे आवाबाई.

एकापेक्षा जास्त अक्षरं असली तर

इथे गॅझेट काहीच मदत करत नाही, कारण ते एकेक सन्मान सुटा सुटा छापतं. क्रम आपण लावायचा, आणि तो मिळाल्या सालाप्रमाणे नसतो. राजर्षी शाहू महाराजांचं उदाहरण घ्या. जी.सी.एस.आय. १८९५, जी.सी.व्ही.ओ. १९०३, जी.सी.आय.ई. १९११. सालानुसार लावलं तर व्ही.ओ. मधे येईल. पण ऑर्डरांचा मान ठरलेला: जी.सी.बी., मग जी.सी.एस.आय., जी.सी.एम.जी., जी.सी.आय.ई., जी.सी.व्ही.ओ., जी.बी.ई. म्हणून बरोबर ओळ जी.सी.एस.आय., जी.सी.आय.ई., जी.सी.व्ही.ओ., आणि केंब्रिजची सन्माननीय एलएल.डी. या सगळ्यांच्या मागे. कोल्हापूरच्या जुन्या छापील मजकुरात हा क्रम नीट आहे का ते पाहण्यासारखं असतं.

सगळ्या ढिगाचा क्रम असा: बॅरोनेटचं बी.टी. सर्वांत आधी. मग राजाने दिलेल्या ऑर्डर आणि पदकं. मग राजाच्या नेमणुका: प्रिव्ही कौन्सिलचे (राजाच्या सल्लागार मंडळाचे) पी.सी., वकिलांचं के.सी. (किंग्ज कौन्सेल; नाइट कमांडरचं के.सी. नव्हे), जे.पी. मग विद्यापीठाच्या पदव्या, मग वैद्यकीय परवाने, मग एफ.आर.एस. (फेलो ऑफ द रॉयल सोसायटी) सारख्या विद्वत्सभांची सदस्यत्वं, आणि सर्वांत शेवटी एम.पी. मुकुंदराव जयकर प्रिव्ही कौन्सिलर होते, पण त्याची खूण सहसा नावापुढे न लावता आधी लागते, 'राइट ऑनरेबल' म्हणून. वकिलांचं क्यू.सी. (क्वीन्स कौन्सेल) ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेल्या क्षणी आपोआप के.सी. झालं. तो नवा सन्मान नव्हे.

काही अक्षरं नुसती चकवा आहेत. 'एस्क्वायर'चं ई-एस-क्यू म्हणजे पदवी नाही, आपलं 'रा. रा.' समजा. 'सर' किंवा 'डॉक्टर' असला की ते जातं. मुंबईच्या जुन्या नावांपुढचं जे.पी. हे जस्टिस ऑफ द पीस, नेमणूक, किताब नाही. आय.एस.ओ. म्हणजे इंपीरियल सर्व्हिस ऑर्डर, कारखान्याच्या फाटकावर लिहितात ते नव्हे. आय.ओ.एम. हा लष्करातला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १८३७ चा, आणि ओ.एम. हा निराळा, १९०२ चा, एका वेळी फक्त २४ जणांचा. आणि १९८४ च्या आधी व्हिक्टोरियन ऑर्डरचा चौथ्या वर्गाचा एम.व्ही.ओ. असलेला माणूस आजच्या हिशोबाने एल.व्ही.ओ. ठरतो, पाचव्याचा एम.व्ही.ओ.च राहिला. जुन्या नोंदीत वर्ग लिहिलेला असतो, तो गाळू नये.

इथे काय मिळणार नाही

रावबहादूर, रावसाहेब, दिवाणबहादूर, खानबहादूर हे किताब व्हाइसरॉय देत असे. ते गॅझेट ऑफ इंडियात छापले जायचे. लंडन गॅझेटमध्ये 'रावबहादूर' दिसतो तो कुणाला सी.आय.ई. वगैरे मिळताना नावाचा भाग म्हणून. पणजोबांचं रावबहादूरपण शोधायला लंडनच्या संकेतस्थळावर रात्री जागवण्यात अर्थ नाही.

दुसरं, परदेशी नागरिकांना दिलेले 'ऑनररी' सन्मान. ते हल्ली गॅझेटमध्ये सहसा येत नाहीत, ब्रिटिश परराष्ट्र खातं त्यांची वेगळी यादी काढतं. रतन टाटांचे २००९ चा के.बी.ई. आणि २०१४ चा जी.बी.ई. म्हणूनच इथे सापडत नाहीत, आणि म्हणूनच ते कधी 'सर रतन' झाले नाहीत. मुंबईतल्या पाटीवर 'सर रतन टाटा ट्रस्ट' दिसतं ते जमशेटजी टाटांच्या धाकट्या मुलाचं नाव, १९१६ मध्ये नाइट झालेल्या. ऑनररी सन्मानाची अक्षरं लावता येतात, 'सर' लावता येत नाही. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर तो सन्मान पक्का होऊन 'सर'ही लागू शकतो. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांचं तसं झालं. मुंबईत जन्मलेले अनीश कपूर ब्रिटिश नागरिक, त्यामुळे २०१३ चं त्यांचं नाइटहूड गॅझेटमध्ये आहे. आपल्याकडे घटनेचं १८ वं कलम नागरिकाला परदेशी किताब घ्यायला मनाई करतं, आणि पद्म पुरस्कारही नावाच्या मागे-पुढे लावू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. तिकडे अक्षरं लावायला देतात, इकडे लावू नका सांगतात. दोन्ही व्यवस्था एकाच निमंत्रणपत्रिकेत आल्या की छापखान्याची पंचाईत होते: ओ.बी.ई. ठेवायचं, पद्मश्री काढायचं.

अलीकडच्या याद्यांसाठी

इथे गॅझेट पहिली निवड नाही. गेल्या काही वर्षांच्या याद्या ब्रिटिश सरकारच्या मुख्य संकेतस्थळावर येतात, नाव, काम आणि गाव यांसकट, आणि त्या वाचायला कितीतरी सोप्या आहेत. तिथे नाव शोधा, मग पुराव्यासाठी गॅझेटचं पान काढा. नव्या पुरवण्यांत पानाच्या आकड्याआधी नववर्षाला एन आणि वाढदिवसाला बी असतं. गटावर अक्षरंही छापलेली असतात, त्यामुळे मथळ्याचा घोळ कमी. बी.ई.एम. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये बंद झालं आणि २०१२ पासून पुन्हा सुरू झालं. मधल्या काळातल्या तिथल्या कुणाच्या नावापुढे ते दिसलं तर साल पुन्हा तपासा.

लंडन-लेस्टरच्या मराठी मंडळांतून एखाद्या कार्यकर्त्याची शिफारस करायची असेल तर ती सेवा गॅझेटची नाही, त्याच सरकारी संकेतस्थळावरची आहे. शिफारस कुणीही करू शकतं, स्वतःची मात्र नाही. फुकट आहे. निदान दोन समर्थनपत्रं लागतात. निकालाला साधारण १२ ते १८ महिने, त्यामुळे निवृत्तीच्या समारंभाला यादी जुळवायचा बेत सहसा फसतो, आणि माणूस कामात असतानाच शिफारस केलेली बरी. दोन्ही पत्रांत तेच कौतुक वेगळ्या शब्दांत लिहिलं तर दुसरं पत्र वाया जातं. एकात कामाचा आकडा आणि काळ, दुसऱ्यात त्या कामाने कुणाचं काय बदललं, अशी वाटणी करावी. ज्याची शिफारस केली त्याला ती कळू न देणं अपेक्षित असतं.

स्मरणिकेसाठी तळटीप द्यायची तर नुसतं 'लंडन गॅझेट, १९११' लिहून भागत नाही. पुरवणी असल्यास 'पुरवणी' हा शब्द, अंक क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, पान, या क्रमाने लिहा. चारही गोष्टी पानाच्या माथ्यावर असतात, आणि अंक क्रमांक व पान संकेतस्थळाच्या पत्त्यातही दिसतं. पीडीएफ उतरवून घेताना नावाचं पान आणि मथळ्याचं पान अशी दोन्ही घ्या.